सावलीतला गालिचा

मे महिन्याच्या अखेरीस परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेच्या आवारात डोकावून पाहा. उन्हाने भेगाळलेली काळी माती आणि एका कोपऱ्यात कडुनिंबाची किंवा वडाची दाट सावली. मुले मधल्या सुट्टीत तिथेच डबे उघडतात. मात्र सावली असली तरी जमीन उघडीच असते. हराळी लावून पाहावी, तर पहिल्या पावसात हिरवी दिसते आणि दिवाळीपर्यंत नाहीशी होते. "झाडाखाली काहीच येत नाही," हे वाक्य आम्ही कितीतरी मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकले आहे.

काही वर्षांपूर्वी जिंतूरच्या बाजूच्या एका शाळेत सूक्ष्मदर्शकाच्या कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. तिथे कडुनिंबाखालची जमीन मुळीच उघडी नव्हती. वरून हिरव्या आणि खालून गर्द जांभळ्या पानांची ठेंगणी रोपे दाटीवाटीने वाढली होती. त्यांच्या कडेने पानांवर चंदेरी पट्टे असलेली दुसरी एक वनस्पती जमिनीवर सरपटत पसरली होती. पहिली ऱ्हिओ, दुसरी झेब्रिना. शाळेतल्या मावशींनी कुणाच्या तरी अंगणातून चार फांद्या आणून खोचल्या होत्या, बाकीचे काम झाडांनीच केले होते. कार्यशाळा संपताना विज्ञानाच्या बाईंनी विचारले, "सर, रससंकोचाच्या प्रयोगाला आम्ही दरवर्षी याच ऱ्हिओची पाने तोडतो. पुस्तकातही हेच नाव असते. पण सगळी झाडे सोडून नेमके हेच का?"

त्या दिवशी आम्ही "पाने रंगीत असतात म्हणून" एवढेच उत्तर दिले. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. पुरे उत्तर देण्यासाठी सुमारे चारशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो.

झाडाखालची जमीन

आधी जागेचा विचार करू. मोठ्या झाडाखाली दोन गोष्टींची टंचाई असते. एक उजेडाची आणि दुसरी पाण्याची, कारण झाडाची वरवरची मुळे पहिला पाऊस आधी पिऊन घेतात. हराळी उघड्या माळावरची, तिला सावली सोसत नाही. पण जंगलात झाडाखालची जमीन उघडी नसते. तिथे तळाशी राहण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या वनस्पती असतात. मंद उजेडावर त्या भागवतात आणि बियांची वाट न पाहता खोडानेच पसरतात. ऱ्हिओ आणि झेब्रिना या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या बाजूच्या अशाच वनस्पती आहेत.

झेब्रिनाचे खोड हातात घेऊन पाहावे. ठरावीक अंतरावर पेरे दिसतात. प्रत्येक पेराशी एक पान आणि एक कळी असते. पेर ओल्या मातीला टेकले की आठवडाभरात तिथून मुळे फुटतात. दहा पेरांची फांदी तोडून दहा तुकडे केले, तर दहा रोपे तयार होतात. ऱ्हिओची रीत थोडी वेगळी आहे. ती सरपटत नाही. बुंध्याशी पिल्ले फुटत जातात आणि एका रोपाचा झुबका होतो. दोघींच्या खोडापानांत पाणी भरपूर असते, त्यामुळे चार दिवस पाणी चुकले तरी त्या तग धरतात.

आपला केना

परभणीच्या शेतकऱ्याला हे घराणे नवीन नाही. खरिपात कापसात आणि सोयाबीनमध्ये उगवणारा केना याच घराण्यातला. खुरपणी करणाऱ्या बायका केना उपटून बांधावर टाकतात, पण वरून पाऊस आला की तो बांधावरच पुन्हा मूळ धरतो. म्हणून जाणत्या बायका तो उन्हात पसरून वाळवतात. कोवळ्या केन्याची भजी आणि भाजी करण्याची रीतही आपल्याकडे आहे.

केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्याच्या तीन पाकळ्यांपैकी दोन ठसठशीत, तिसरी लहान. लिनियसने या प्रजातीला कॉमेलिना हे नाव देताना हॉलंडमधल्या कॉमेलिन घराण्याची आठवण ठेवली होती. त्या घराण्यातले दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. दोन मोठ्या पाकळ्या त्या दोघांच्या आणि लहान पाकळी तिसऱ्याची, असा तो खुलासा आहे. केन्याचे शास्त्रीय नाव कॉमेलिना बेंगालेन्सिस असून ते लिनियसनेच १७५३ साली दिले.

केन्याकडे आणखी एक नवल आहे. त्याला मातीच्या आतही फुले येतात. जमिनीखालच्या पांढऱ्या फांद्यांवरची ही फुले कधी उमलतच नाहीत. बंद फुलातच परागण होऊन बी धरते. दिल्ली विद्यापीठातील पंचानन माहेश्वरी आणि जे. के. माहेश्वरी यांनी केन्याच्या या दुहेरी फुलांवरचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध केला. शेतातला केना मुळासकट हलक्या हाताने उपटला तर विद्यार्थ्यांना ही फुले साध्या भिंगाने पाहता येतात.

बागवान बापलेक

आता इंग्लंडकडे वळू. लंडनजवळच्या लँबेथ इथे सतराव्या शतकात जॉन ट्रेडस्कंट नावाच्या बागवानाची बाग होती. त्याच्या मुलाचे नावही जॉनच. दोघे राजेरजवाड्यांच्या पदरी होते आणि देशोदेशींची झाडे व चीजवस्तू जमवण्याचा दोघांनाही नाद होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाहून आलेल्या एका मित्राने थोरल्या जॉनला एक रोप दिले. मित्राची समजूत अशी की, ही रेशीम देणारी गवताची जात आहे. रेशीम काही मिळाले नाही, पण निळ्याजांभळ्या फुलांचे ते रोप बागेत रमले. जॉन पार्किन्सन यांच्या १६२९ सालच्या बागकामाच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. पुढे लिनियसने या बापलेकांच्या नावावरून प्रजातीला ट्रेडस्कॅन्शिया म्हटले. त्यांचा संग्रह ॲशमोल नावाच्या गृहस्थांकडे गेला आणि त्यातूनच १६८३ साली ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय उभे राहिले.

आपल्या ऱ्हिओ आणि झेब्रिना यांना वनस्पतिशास्त्रज्ञ बराच काळ स्वतंत्र प्रजाती मानत. १९८६ साली क्यू इथले डी. आर. हंट यांनी त्यांना ट्रेडस्कॅन्शियात सामावून घेतले. म्हणजे ऱ्हिओ हे जुने नाव झाले. पाठ्यपुस्तकांत आणि रोपवाटिकांत मात्र ते टिकून आहे.

ब्राऊन यांचे गुपित

बागेतल्या या रोपाला प्रयोगशाळेत नेले ते रॉबर्ट ब्राऊन यांनी. द्रवातल्या कणांच्या हालचालीमुळे त्यांचे नाव भौतिकशास्त्राच्या पुस्तकात येते, पण मुळात ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ट्रेडस्कॅन्शियाच्या पुंकेसरांवर बारीक केस असतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक केस म्हणजे मण्यांची माळच दिसते. प्रत्येक मणी ही एक जिवंत पेशी, आणि ती इतकी पारदर्शक की आतले सारे दिसावे. ब्राऊन यांना या पेशींत कणांचे प्रवाह फिरताना दिसले. १८३१ साली त्यांनी लिनियन सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यात ऑर्किडच्या आणि इतर वनस्पतींच्या पेशींत आढळणाऱ्या गोल भागाला त्यांनी जे नाव दिले, ते आपण आज केंद्रक म्हणून शिकवतो. ज्या वनस्पतींत त्यांना केंद्रक दिसले, त्यांत ट्रेडस्कॅन्शियाचे हे केसही होते.

त्याच सुमारास एक तरुण त्यांच्याकडे जात असे. ब्राऊन यांनी त्याला एकदा सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले आणि काय दिसते ते विचारले. तरुणाने वर्णन केले आणि मग आपण पाहिले ते काय, असे विचारले. ब्राऊन यांनी ते आपले गुपित आहे, एवढेच सांगून विषय संपवला. हा तरुण म्हणजे बीगल जहाजावरून निघण्याच्या तयारीत असलेला चार्ल्स डार्विन. आपण पाहिले ते वनस्पतीच्या पेशीतले जीवद्रव्याचे प्रवाह असावेत, असे डार्विनने उतारवयात आत्मचरित्रात लिहिले. वनस्पती कोणती, हे त्याने लिहिलेले नाही.

शिकवताना ब्राऊन यांच्याइतके गुपित कुणी राखू नये. पण आधी दाखवावे, वर्णन करायला लावावे आणि नाव नंतर सांगावे, ही त्यांची रीत वर्गात उपयोगी पडते.

जांभळ्या पानाची गणिते

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. ॲमस्टरडॅममध्ये ह्यूगो द व्ह्रीस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी ते वेगळ्याच प्रश्नात गुंतले होते. पेशी पाणी किती जोराने ओढून घेते, हे मोजायचे कसे?

त्यांनी ऱ्हिओच्या पानाच्या जांभळ्या बाजूची साल काढली. जांभळा रंग पेशीतल्या रिक्तिकेच्या रसात असतो. साल साध्या पाण्यात ठेवली तर प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसते. दाट द्रावणात ठेवली की पाणी बाहेर जाते, आतला भाग आकसतो आणि पेशीभित्तिकेपासून सुटतो. बिनरंगी पेशीत ही सुरुवात डोळ्यांतून निसटते. जांभळ्या पेशीत मात्र कोपऱ्यातली बारीकशी पांढरी फटसुद्धा ठळक दिसते. म्हणजे सालीचा तो तुकडा हे एक मोजमापाचे साधनच झाले. ज्या दाटपणाला निम्म्या पेशी आकसू लागतात, तो त्या पेशींचा स्वतःचा दाटपणा.

द व्ह्रीस यांनी वेगवेगळी द्रावणे घेऊन पाहिली आणि निष्कर्ष १८८४ साली प्रसिद्ध केले. सोरामिठाचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा परिणाम ३ मानला, तर तेवढ्याच रेणूंच्या साखरेचा परिणाम २ च्या जवळपास येत होता. दुसऱ्या साखरा घेतल्या तरी २ च. सोरामिठासारखे दुसरे क्षार घेतले तर ३. कॅल्शियम क्लोराइडसारखा क्षार घेतला तर ४. पानाच्या सालीतून असे सुबक पूर्णांक निघावेत, याचा अर्थ काय?

अर्थ लावणारा माणूस त्याच गावात होता. रसायनशास्त्राचे प्राध्यापक याकोबस व्हॅन्ट हॉफ आणि द व्ह्रीस यांची गाठ पडली, तेव्हा द व्ह्रीस यांनी त्यांना विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या परासरण दाबाच्या मोजमापांविषयी सांगितले. फेफर यांनी १८७७ साली ती प्रसिद्ध केली होती. त्या आकड्यांवरून व्हॅन्ट हॉफ यांच्या लक्षात आले की, विरल द्रावणातले रेणू दाबाच्या बाबतीत वायूच्या रेणूंसारखेच वागतात. क्षार मात्र या नियमात बसेनात. ते जास्तच दाब देत होते. त्यासाठी व्हॅन्ट हॉफ यांनी सूत्रात एक गुणांक घातला. १८८७ साली स्वीडनच्या स्वान्टे अऱ्हेनियस यांनी त्याचे कारण सांगितले. क्षार पाण्यात विरघळताना त्याचे आयन सुटे होतात, म्हणून कणांची संख्या वाढते. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली व्हॅन्ट हॉफ यांना मिळाले आणि १९०३ चे अऱ्हेनियस यांना.

बारावीच्या वर्गात व्हॅन्ट हॉफ गुणांकाची उदाहरणे मुले घोकत असतात. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली ऱ्हिओ उभी असते. या दोन गोष्टींचा संबंध आहे, हे फार थोड्या वर्गांत सांगितले जाते. नववीतली जीवशास्त्राची कृती आणि बारावीतले रसायनशास्त्राचे सूत्र एकाच पानातून निघाले आहे.

गुणसूत्रे आणि किरण

विसाव्या शतकात या घराण्याला नवे काम मिळाले. ट्रेडस्कॅन्शियाच्या अनेक जातींत गुणसूत्रांच्या सहाच जोड्या असतात आणि ती आकाराने मोठी असतात. त्यामुळे त्यांतली मोडतोड सहज दिसते. अमेरिकेत कार्ल सॅक्स यांनी १९३८ साली क्ष-किरणांमुळे गुणसूत्रे कशी तुटतात आणि चुकीची कशी जोडली जातात, याचा अभ्यास ट्रेडस्कॅन्शियावर मांडला. पुढे ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आर्नल्ड स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुंकेसरांच्या त्याच केसांचा उपयोग केला. त्यांच्याकडच्या एका वाणाचे केस निळे. किरणांनी निळ्या रंगाच्या जनुकात बदल घडवला की तेवढी पेशी गुलाबी होते. निळ्या माळेतले गुलाबी मणी मोजायचे की किरणांचा परिणाम कळतो. सप्टेंबर १९६७ मध्ये बायोसॅटेलाइट-२ या उपग्रहातून ही रोपे अवकाशातही जाऊन आली.

गालिच्याची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की, हे घराणे म्हणजे गुणांची खाण आहे. पण पेर टेकले की मूळ फुटणे, हा जो गुण आपल्याला सोयीचा वाटतो, तोच दुसरीकडे संकट झाला आहे.

ब्राझीलच्या बाजूची ट्रेडस्कॅन्शिया फ्लुमिनेन्सिस ही जात न्यूझीलंडमध्ये बागेसाठी नेली गेली. कुंपणापलीकडे टाकलेल्या फांद्या ओढ्यांच्या पाण्याबरोबर जंगलांत शिरल्या. तिथे तिने जमिनीवर असा जाड थर केला की खाली उजेड पोचेना आणि मूळच्या वृक्षांची रोपेच उगवेनात. जुनी झाडे उभी, पण त्यांच्या जागी येणारी पिढी नाही. ती तिथे बी जवळजवळ धरत नाही. केवळ तुकड्यांनी तिने हे केले. आता तिला आवरण्यासाठी २०११ पासून ब्राझीलमधले पाने खाणारे भुंगेरे तपासून तिथे सोडले जात आहेत.

यात केवळ परदेशी झाडांनाच दोष देऊ नये. आपला केना अमेरिकेत पोचला आहे. जॉर्जिया राज्यात १९९७ नंतर तणनाशक सहन करणारा कापूस आला. शेतकरी एकाच तणनाशकावर विसंबले आणि कोळपणी कमी झाली. केना त्या तणनाशकाला सहसा दाद देत नाही. बाकीची तणे गेली आणि केन्याला रान मोकळे झाले. २००३ पर्यंत जॉर्जियाच्या कापसात तो सर्वांत त्रासदायक तण ठरला होता. परभणीच्या कापसातला केना आणि जॉर्जियाच्या कापसातला केना एकच. आपल्याकडे मात्र त्याच्यामागे खुरपे असते आणि कढईही.

एखादे झाड चांगले की वाईट, हे केवळ झाडावर ठरत नाही. ते कुठे आहे, तिथे त्याला खाणारे कोण आहे आणि आपण त्याच्या तुकड्यांचे काय करतो, यावर ते ठरते.

शाळेसाठी

तर मग झाडाखाली ही रोपे लावावीत का? आमचे उत्तर होकाराचे आहे, पण आखून. जूनमध्ये दोन पाऊस झाले की माती वीतभर न खणता, फक्त वरवर भुसभुशीत करावी, म्हणजे झाडाची मुळे दुखावत नाहीत. कुजलेला पाला मिसळावा. झेब्रिनाचे तीन-चार पेरांचे तुकडे आणि ऱ्हिओची पिल्ले वीत-वीतभर अंतरावर लावावीत. भोवती विटांची उभी कड करावी. कडेबाहेर आलेली फांदी दर महिन्याला कापावी आणि कापलेले तुकडे ओढ्याकाठी, नाल्यात किंवा कुंपणापलीकडे कधीच फेकू नयेत. सिमेंटच्या फरशीवर पूर्ण वाळवून मगच खतात घालावेत. एकदा आमच्याकडून ओले तुकडेच खड्ड्यात टाकले गेले होते. पंधरा दिवसांनी खड्डाच हिरवा झाला. ऱ्हिओचा रस कातडीला खाजरा असतो. हात धुवावेत आणि पाने तोंडात घालू देऊ नयेत.

प्रयोग मात्र पुढे न्यावा. साखरेची आणि मिठाची वाढत्या दाटपणाची चार-चार द्रावणे करावीत. १०० मिलिलिटर द्रावणात ३.४ ग्रॅम साखर म्हणजे ०.१ मोलर. तेवढ्याच द्रावणात ०.५८ ग्रॅम मीठ म्हणजेही ०.१ मोलर. प्रत्येकात सालीचा तुकडा अर्धा तास ठेवून निम्म्या पेशी कुठे आकसतात, ते मुलांना मोजू द्यावे. मिठाचा आकडा साखरेच्या आकड्याच्या निम्मा ते दोन-तृतीयांश यांच्या दरम्यान कुठेतरी येईल. का येतो, हे नववीच्या मुलांनी विचारावे आणि बारावीच्या मुलांनी सांगावे.

पुंकेसरांचे केस पाहायला व्हर्जिनियाची ट्रेडस्कॅन्शिया लागत नाही. पावसाळ्यात ओलसर काळ्या रानात सायनॉटिस नावाची, केन्याचीच भावकी असलेली छोटी निळी फुले येतात. लिनियसने तिच्यातल्या एका जातीला एकेकाळी ट्रेडस्कॅन्शियाच म्हटले होते. तिच्या पुंकेसरांवरही तसेच केस असतात. सकाळी उमललेले फूल आणावे, एक केस पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि मुलांना काही न सांगता सूक्ष्मदर्शकापाशी बोलवावे.

त्या बाईंना आम्ही नंतर हे सारे लिहून पाठवले. त्यांचे उत्तर आले, त्यात एकच ओळ महत्त्वाची होती. मुलांनी कडुनिंबाखालच्या वाफ्याला पाटी लावायची ठरवली होती आणि पाटीवर ऱ्हिओच्या नावाखाली काय लिहावे, यावर वर्गात वाद चालू होता.